कोरड्या दौंडमध्ये बोल्ट का गंजतात?

मालवण-वेंगुर्ल्याकडे मोटारसायकलचा बोल्ट गंजला तर कुणी कारण विचारत बसत नाही. पावसाळाभर धो धो पाऊस आणि दाराशी समुद्र, यात लोखंड टिकलं तरच नवल. दौंडचं तसं नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा तालुका. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस, तोही खंड पाडत पडणारा, आणि समुद्र साधारण दीडशे किलोमीटर लांब. तरीही यवत, केडगाव, वरवंड, पाटस, कुरकुंभ, कुठल्याही गॅरेजसमोर उभ्या असलेल्या चार-पाच वर्षांच्या गाड्या पाहाव्यात. टाकीचा रंग शाबूत, सीट शाबूत, आणि चकाकणाऱ्या बोल्टांच्या डोक्यांवर मात्र तपकिरी ठिपके. भीमा ओलांडून शिरूरकडे गेलं तरी चित्र फारसं बदलत नाही. याचं खापर आपण एकतर पावसावर फोडतो, नाहीतर कंपनीवर. पावसाचा आणि कंपनीचा वाटा आहेच, पण तो दुय्यम आहे असं माझं म्हणणं आहे. दौंडमधला गंज मुख्यतः क्षारांचा आहे: खताच्या गोणीतून सांडलेले, फवारणीच्या पंपातून ठिबकलेले, बोअरच्या पाण्यातून आलेले आणि धुण्याच्या पावडरीतून मागे राहिलेले. हे क्षार आपणच गाडीवर आणतो. त्यामुळे महागड्या पॉलिशच्या बाटलीपेक्षा गाडी कशी धुतो आणि कुठे उभी करतो, याला जास्त महत्त्व आहे.

आधी ‘क्रोमचा बोल्ट’ म्हणजे काय ते पाहू. तो मुळात साध्या पोलादाचा असतो. त्यावर निकेलचा मुलामा आणि निकेलवर क्रोमियमचा. चमक बरीचशी निकेलची. क्रोमियम ती काळवंडू देत नाही, ओरखड्यांपासून वाचवतं आणि किंचित निळसर झाक देतं. हा क्रोमियमचा थर सहसा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर त्याच्या शंभराव्या भागाइतकीही ही जाडी नाही. इतक्या पातळ थरात सूक्ष्म भेगा आणि छिद्रं राहतातच, त्यातून पाणी निकेलपर्यंत जातं, आणि निकेलच्या थरातही कुठे छिद्र असेल तर पोलादापर्यंत. तिथे खरा घात होतो. निकेल आणि पोलाद क्षाराच्या ओलीत शेजारी-शेजारी आले की त्यांच्यात बारीकसा विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजतं ते पोलाद. निकेलला काही होत नाही. भोवती निकेलचा मोठा पृष्ठभाग आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं उघडं पोलाद, त्यामुळे सगळा मारा त्या एका ठिपक्यावर. म्हणूनच क्रोमवरचा गंज पापुद्र्यासारखा पसरत येत नाही, ठिपक्याठिपक्याने येतो, आणि वर ठिपका दिसतो तेव्हा खाली खड्डा पडलेला असतो.

त्याच गाडीचं हँडल आणि सायलेन्सर बरे, बोल्ट मात्र गंजलेले, असं का होतं याचं उत्तर आट्यांत आहे. हँडलवर हवा तेवढा जाड मुलामा देता येतो. सहा मिलिमीटरच्या बोल्टवर तसा दिला तर तो नटमध्ये जाणारच नाही. आट्यांच्या मापात जी मोकळीक ठेवलेली असते तिच्यात जेमतेम पाच-सहा मायक्रॉन बसतात. शिवाय मुलाम्याच्या टाकीत वीज खाचाखोचांपर्यंत नीट पोचत नाही, आणि क्रोमियम याबाबतीत विशेष अडेलतट्टू. कडांवर थर जाड बसतो, खोलगट जागी पातळ बसतो किंवा बसतच नाही. अ‍ॅलन बोल्टच्या डोक्यातली षटकोनी खाच हे याचं सर्वांत वाईट उदाहरण. पाणी आणि धूळ नेमकी तिथे साचते आणि मुलामा नेमका तिथेच सर्वांत कमी असतो. त्यात पहिल्या सर्व्हिसिंगला ढिला पाना घसरला की षटकोनाच्या कडेवरचा थर उडतो. एकंदरीत, गाडीवरच्या सगळ्या चकचकीत भागांत बोल्ट हा जन्मतःच सर्वांत उघडा भाग आहे, आणि धुताना त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं.

इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. गाडीवरचा प्रत्येक चंदेरी बोल्ट क्रोमचा नसतो. हल्लीच्या रोजच्या वापराच्या बहुतेक मोटारसायकलींवर जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट जास्त असतात, मंद निळसर-पांढरे किंवा पिवळसर. जस्ताचा स्वभाव निकेलच्या उलट: ते स्वतः झिजून पोलादाला वाचवतं. त्यामुळे जस्ताच्या बोल्टवर आधी पांढरी भुकटी दिसते आणि जस्त संपल्यावरच तपकिरी गंज येतो. पांढरी भुकटी दिसली तर ती तारेच्या घासणीने खरवडू नये, नाहीतर राखणदारालाच हाकलून दिल्यासारखं होतं. क्रोमवर मात्र पहिला तपकिरी ठिपका दिसला त्याच आठवड्यात हात लावावा.

आता क्षारांकडे. हवेतल्या नुसत्या दमटपणाने लोखंड फार हळू गंजतं, त्याला धुळीची आणि क्षारांची जोड लागते, हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवून झालं आहे. इंग्लंडमधले अभ्यासक वर्नन यांनी १९२० च्या दशकात लोखंडाचे तुकडे मलमलीच्या पिंजऱ्यात टांगले. हवा आत-बाहेर जात होती, दमटपणा तोच होता. मलमल अडवत होती ती फक्त धूळ. बाहेरचे तुकडे गंजले, पिंजऱ्यातले दीर्घकाळ स्वच्छ राहिले. हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली आणि सोबत गंधकाचा धूर किंवा क्षार असला की गंजाचा वेग एकदम वाढतो, हेही त्यांच्याच पुढच्या कामातून समोर आलं. क्षार असले की पाऊस पडायची गरजच उरत नाही, कारण काही क्षार हवेतून पाणी ओढून घेतात. युरियाची गोण उघडी राहिली की तिला पाणी सुटतं हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्याचे आकडे असे: ३० अंश तापमानाला हवेची आर्द्रता ७३ टक्क्यांच्या आसपास गेली की युरिया पाणी ओढून विरघळू लागतो, अमोनियम नायट्रेट ५९ टक्क्यांना आणि ठिबकमधून सोडलं जाणारं कॅल्शियम नायट्रेट ४७ टक्क्यांना. युरिया आणि अमोनियम नायट्रेट एकमेकांत मिसळले तर मात्र ही पायरी थेट १८ टक्क्यांवर येते. म्हणजे एप्रिलमधल्या कोरड्या दुपारीही त्या मिश्रणाचा बोल्टच्या खाचेत पडलेला कण ओला राहू शकतो. पोटॅशची गोष्ट वेगळी. म्युरिएट ऑफ पोटॅश हे पोटॅशियम क्लोराइड. ते पाणी उशिरा ओढतं, पण त्यातलं क्लोराइड धातूवरचा संरक्षक पापुद्रा फोडण्यात मिठाच्या तोडीचं आहे.

दौंड तालुक्यात मोटारसायकल बैलगाडीचंच काम करते. कृषी सेवा केंद्रातून खताची गोण टाकीवर आडवी टाकून किंवा मागे बांधून नेली जाते, दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकतात, पाठीवरचा फवारणी पंप सीटला अडकवला जातो. गोणीच्या शिवणीतून चार दाणे सांडतात आणि इंजिनच्या पंखांमध्ये, टाकीखालच्या बोल्टांवर, चेन अ‍ॅडजस्टरवर जाऊन बसतात. दूध सांडलं तर ते आंबून त्याचं आम्ल होतं. आणि फवारणी पंपाबद्दल तर एक विलक्षण योगायोग सांगायला हवा. क्रोमचा मुलामा किती टिकाऊ आहे हे लवकर तपासायचं असेल तर कारखान्यांच्या प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्यात थोडं ॲसेटिक आम्ल आणि थोडं कॉपर क्लोराइड घालून त्याचा गरम फवारा सुट्या भागावर मारतात. तांबं मुद्दाम घालतात, कारण तांब्याने निकेल-क्रोमची झीज वेगाने होते आणि वर्षांचा निकाल काही तासांत लागतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत मोरचूद-चुन्याचं मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारून आलेला पंप गाडीला बांधला आणि तो ठिबकत राहिला, की थोड्याफार फरकाने तीच परीक्षा आपण रोज रस्त्यावर घेत असतो.

पाण्याचंही तसंच. तालुक्याच्या कालव्याखालच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं ऊस भिजवून जमिनी चोपण झाल्या आहेत, आणि विहिरी-बोअरचं पाणी जड आहे. पुण्याचं सांडपाणी प्रक्रियेनंतर मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडलं जातं ते हवेली-दौंडकडेच येतं. मुळा-मुठा भीमेला मिळते ती दौंड-शिरूरच्या शिवेवर, रांजणगाव सांडसपाशी, पुण्याचं सगळं सोबत घेऊन. अशा पाण्याने धुतलेल्या गाडीवर वाळल्यावर जे पांढरे डाग दिसतात ते क्षारच. उन्हात उभी करून गाडी वाळवली तर पाणी उडून जातं आणि क्षार बोल्टच्या खाचेत आणखी दाट होऊन राहतात. त्यात गुऱ्हाळांचा धूर आहे. चिपाडाऐवजी प्लास्टिक आणि टायर जाळले जात असल्याच्या तक्रारी या भागातून अनेकदा पुढे आल्या आहेत. पीव्हीसी जळलं की हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, टायरमधून गंधकाचा धूर. तो माणसाच्या फुप्फुसाला घातक आहे हा मोठा मुद्दा. पण बोल्टलाही तो सोडत नाही.

गाडी धुण्याच्या आपल्या सवयी हे सगळं निस्तरण्याऐवजी त्यात भर घालतात. कपड्यांच्या पावडरीत सोडा आणि सोडियम सल्फेट भरपूर असतं. फेस छान येतो, पण नीट खंगाळलं नाही तर ते खाचांत राहतं, आणि सोड्याने अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनचं तेजही जातं. पाणी वाचवायचं म्हणून आरओ मशीनमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी गाडी धुवायला वापरा, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. हेतू चांगला, पण त्या पाण्यात मूळ पाण्यातले जवळजवळ सगळे क्षार कमी पाण्यात एकवटलेले असतात. फरशी पुसा, संडासात टाका; क्रोमवर ओतू नका, किंवा ओतलंच तर शेवटी गोड्या पाण्याने खंगाळा. मग येतं डिझेल. वॉशिंग सेंटरवर वीस-तीस रुपये जास्त दिले की अंगभर डिझेल मारून मिळतं आणि गाडी दोन दिवस नव्यासारखी दिसते. हा उपाय अगदीच खोटा नाही, तेलाचा पातळ थर खरोखर मागे राहतो. मात्र न धुतलेले क्षार त्या थराखाली कोंडले जातात, वर ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांमागची धूळ चिकटून बसते, रबरी नळ्या आणि बुशिंग फुगतात, आणि ड्रममध्ये शिरलं तर ब्रेक लागत नाही. चकाकी डिझेलची आणि गंज आतून चालू, असा तो प्रकार.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: बोल्ट दिसायला तपकिरी झाला म्हणून गाडी चालायची थांबते का? हौशी बुलेटवाल्यांनी चमकवत बसावं, दूध घालणाऱ्याला काय त्याचं? या आक्षेपात अर्धं तथ्य आहे. नंबरप्लेटचा बोल्ट गंजला तर काही बिघडत नाही. पण गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि ती जागा आट्यांमध्ये नसते. म्हणून बोल्ट आधी जाम होतो, मग तुटतो. चेन अ‍ॅडजस्टरचा नट जाम झाला की चेन ताणायचं काम पुढच्या खेपेवर ढकललं जातं आणि ढिली चेन एक दिवस भर रस्त्यात उतरते. मागच्या चाकाचा एक्सल नट सुटला नाही की पंक्चर काढायला आलेला पोरगा पान्यावर पाइप चढवतो, डोकं गोल करतो, मग छिन्नी-हातोडा, मग वेल्डिंग, आणि शेवटी लेथवाल्याकडे. इंजिनच्या कव्हरमध्ये बोल्ट तुटला तर तो ड्रिलने काढून आटे पुन्हा पाडावे लागतात. पाच-दहा रुपयांच्या बोल्टपायी कामाचा दिवस बुडतो, आणि तो बुडतो त्याचाच ज्याला ही हौस परवडत नाही म्हणतात. बुलेटवाल्याकडे बहुधा दुसरी गाडी असते.

उपाय साधा आहे, आणि त्याचा क्रम चुकवून चालत नाही. आधी नुसतं पाणी, म्हणजे माती आणि क्षार सैल होतात. मग गाडीचा किंवा डोक्याला लावायचा शाम्पू बादलीत कालवून कापडाने. मग भरपूर नाही पण चांगलं पाणी. चांगलं म्हणजे पावसाचं साठवलेलं किंवा फिल्टरचं, दोन तांबे, शेवटचे. त्यानंतर लगेच जुन्या सुती कापडाने पुसायचं आणि दोन-तीन किलोमीटर चालवून आणायची, म्हणजे इंजिनच्या उबेने आणि वाऱ्याने खाचांतलं पाणी जातं. वाळल्यावर शिलाई मशीनचं तेल कापडाच्या टोकाला घेऊन बोल्टच्या डोक्यांवरून फिरवायचं. अ‍ॅलनच्या खाचेत ग्रीसचा ठिपका भरून ठेवायचा, म्हणजे पाण्याला जागाच उरत नाही. हँडल, सायलेन्सरचा थंड भाग, आरशांच्या दांड्या यांवर तेलाऐवजी मेणाचं पॉलिश बरं, त्याला धूळ चिकटत नाही. ब्रेकची डिस्क, ड्रम आणि टायर यांच्या आसपास तेलाचा हात न्यायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं कारण उत्साहाच्या भरात तिथेच चूक होते. खत किंवा पंप वाहून आणला त्या दिवशी मात्र पुढच्या धुण्याची वाट न पाहता तेवढ्या भागावर एक तांब्या पाणी ओतावं. आणि मुळात गोणीखाली ताडपत्रीचा तुकडा टाकला तर तेही करावं लागत नाही.

गंज आलाच असेल तर तो कुठल्या अवस्थेत आहे यावर इलाज ठरतो. सुटे ठिपके असतील तर अन्न गुंडाळायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासावा. क्रोमियम हा अतिशय कठीण धातू, अ‍ॅल्युमिनियम मऊ. त्यामुळे ठिपके निघतात आणि मुलाम्यावर ओरखडा पडत नाही. लोखंडी घासणीने हेच केलं तर तिचे बारीक कण छिद्रांत अडकून नवे ठिपके तयार करतात. सॅंडपेपर तर नकोच. ठिपके काढल्यावर पुसून, वाळवून, मेण लावलं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच, कारण छिद्रं बुजलेली नसतात. ठिपके एकमेकांना मिळाले असतील, मुलामा सोलून निघत असेल, तर कुठल्याही बाटलीतलं पॉलिश तो परत आणू शकत नाही. तिथे गंज घासून काढावा, उरलेला गंज बांधून ठेवणारं टॅनिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावावं, वर चंदेरी रंग द्यावा, किंवा सरळ बोल्ट बदलावा. गाडीवरून काढलेले साधे क्रोमचे बोल्ट सायट्रिक आम्लाच्या कोमट पाण्यात तासभर ठेवून, सोड्याच्या पाण्यात बुडवून, लगेच वाळवून तेलात घोळले तर चांगले साफ होतात. जस्ताचे बोल्ट यात टाकू नयेत, जस्तच विरघळून जाईल.

जे करू नये ते मात्र गावोगाव केलं जातं: बाथरूमचं ॲसिड. दहा मिनिटांत बोल्ट लख्ख होतो म्हणून लोक खूश असतात. हे हायड्रोक्लोरिक आम्ल गंजाबरोबर क्रोमियमही विरघळवतं आणि छिद्रांत क्लोराइड सोडून जातं, म्हणजे पुढच्या गंजाची पेरणी आजच. त्याहून गंभीर गोष्ट अशी की डोक्यावर १०.९ किंवा १२.९ असे आकडे असलेल्या कणखर पोलादात आम्लातून निघालेला हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. असा बोल्ट आवळल्यावर काही तासांनी किंवा दिवसांनी, काही इशारा न देता तुटू शकतो. कारखान्यात अशा बोल्टांवर मुलामा दिल्यावर दोनशे अंशांच्या आसपास काही तास भाजून हा हायड्रोजन बाहेर काढतात; बाथरूममध्ये ती सोय नसते. आणखी एक: ज्या शेडमध्ये गाडी असते तिथेच ॲसिडची सैल बुचाची बाटली ठेवली तर नुसत्या वाफेने बोल्ट गंजतात. बऱ्याच घरांतल्या कोड्याचं उत्तर या बाटलीत सापडेल.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. एवढा उपद्व्याप कशाला, सगळे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे टाकावेत. दिसायला छान, गंजायचं नाव नाही, ऑनलाइन पूर्ण संच मिळतो. आरसे, मडगार्ड, इंडिकेटर, चेनगार्ड यांसाठी ही सूचना मला मान्य आहे. ताकदीच्या जागांसाठी नाही. बाजारात मिळणारा नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० वर्गाचा. तो ७०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि ४५० च्या पुढे कायमचा लांबू लागतो. कंपनीचा ८.८ चा पोलादी बोल्ट ८०० पर्यंत तुटत नाही आणि ६४० पर्यंत लांबत नाही. ब्रेकचं कॅलिपर, हँडलचे क्लॅम्प, मागचा एक्सल, इंजिन माउंटिंग, इथे हा फरक जिवाशी येतो. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट कोरडा आवळला तर आटे एकमेकांत रुतून कायमचे अडकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या कव्हरमध्ये स्टेनलेस बोल्ट घातला तर क्षारांच्या ओलीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. बोल्ट लहान आणि कव्हर मोठं असल्याने ही झीज संथ असते, पण आट्यांच्या फटीत ओल कोंडली की तिथली पांढरी भुकटी बोल्ट असा काही धरून ठेवते की लोखंडी गंज परवडला. आट्यांना ग्रीस लावून हे टळतं. मात्र ग्रीस लावलेला बोल्ट कोरड्याइतक्याच जोराने आवळायचा नाही, घर्षण कमी झाल्याने तो जास्त ताणला जातो. आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात किलोवर मिळणारे, डोक्यावर एकही आकडा नसलेले बोल्ट पेटीच्या झाकणाला लावावेत, गाडीला नाही.

तिसरा आक्षेप कंपन्यांवर बोट ठेवतो: पूर्वीच्या राजदूत-येझदीचं क्रोम अजून चकाकतं, आताच्या गाड्या दोन पावसाळे काढत नाहीत. आज दिसतात त्या जुन्या गाड्या सांभाळलेल्या आहेत, छपराखाली ठेवलेल्या, पुसलेल्या. ज्या सांभाळल्या नाहीत त्या भंगारात जाऊन कधीच वितळल्या, त्यांचं क्रोम आपल्याला तुलनेला मिळत नाही. पण तक्रारीचा गाभा मला बरोबर वाटतो. निकेल-क्रोमच्या मुलाम्यासाठी आपल्याकडे आयएस १०६८ हे मानक आहे आणि त्यात सौम्य ते कठीण वापरानुसार मुलाम्याच्या जाडीच्या वेगवेगळ्या पायऱ्या दिलेल्या आहेत. गाडीवर कोणती पायरी वापरली आहे हे ग्राहकाला कळायला काही मार्ग नाही. वॉरंटीच्या पुस्तिकेत मुलाम्याचं काळवंडणं-गंजणं सर्वसाधारणपणे वगळलेलं असतं. सुट्या बोल्टच्या पाकिटावर भाग क्रमांक आणि किंमत छापतात, तिथेच मुलामा जस्ताचा की क्रोमचा, कुठल्या पायरीचा आणि बोल्ट कुठल्या ताकदीचा, एवढं छापायला शाई कितीशी लागणार? ग्रामीण महाराष्ट्रात गाडीवर खत वाहिलं जातं हे कंपन्यांच्या विक्री विभागाला ठाऊक आहे. जाहिरातींत शेताचा बांध असतोच. मग पुस्तिकेत खताबद्दल चार ओळी असायला हव्यात.

मात्र सगळं क्रोम जाड करा, अशी मागणी मी करणार नाही. क्रोमियमच्या टाकीतलं षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेलं आहे, आणि त्या टाकीवर उभा राहणारा कामगार आणि त्या वर्कशॉपमागचा ओढा दोघंही त्याची किंमत मोजतात. चार बोल्टांवर पुन्हा क्रोम चढवून आणण्याची हौस म्हणूनच मला पटत नाही. आहे तो मुलामा दहा वर्षं टिकवणं हे त्याहून कमी खर्चाचं आणि कमी घाणीचं.

राहता राहिला वेळेचा आणि पाण्याचा प्रश्न. जिरायत गावांत उन्हाळ्यात टँकर येतो तिथे गाडी धुवा म्हणणं क्रूर वाटेल. तिथे ओलं फडकं पुरतं, आणि धुण्यापेक्षा जास्त फरक गाडी उभी करण्याच्या जागेने पडतो. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उघड्यावरचा धातू आकाशाकडे उष्णता टाकत हवेपेक्षाही थंड होतो आणि त्यावर दव जमतं. ऊस आणि कालव्याच्या पट्ट्यात पहाटे सीट हाताला ओलं लागतं ते यामुळे. पाऊस वर्षात मोजके दिवस पडतो, दव ऑक्टोबर ते फेब्रुवारी कितीतरी रात्री पडतं, आणि पावसासारखं क्षार धुऊन नेत नाही, त्यांना फक्त ओलं करतं. गाडीवर नुसतं छप्पर असलं, भिंती नसल्या तरी, दव जमत नाही. छप्पर नसेल तर जुन्या सुती साडीचं पांघरूण चालतं, ती वर्ननची मलमलच. फक्त ती ओली झाली की सकाळी काढून वाळत घालायची. प्लास्टिकचं कव्हर आत वाफ कोंडतं आणि घाम आल्यासारखे बोल्ट भिजतात. दौंड, पाटस, केडगाव, यवत या स्थानकांबाहेर रोज पुण्याला जाणाऱ्यांच्या गाड्यांच्या रांगा उभ्या असतात, रात्रपाळीवाल्यांच्या तर रात्रभर. वाहनतळाचा ठेका देताना रेल्वेने सर्व जागेवर पत्र्याचं छप्पर ही अट घातली, तर रांगेतल्या सगळ्या गाड्यांचं दव एकाच खर्चात टळेल.